मनाची तालीम कोण करणार?

आमच्या वस्तीत विहार एक आहे आणि जयंती उत्सव समित्या दोन आहेत. १४ एप्रिलला दोन मंडप पडतात. दोन्हीकडचे कर्णे एकमेकांच्या भीमगीतांवर आवाज चढवतात. मिरवणुका दोन निघतात आणि आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात दोन्ही समित्यांना वेगवेगळे बोलावून समज दिली जाते. बाहेरच्या माणसाला वाटावे, इथे काही मोठा वैचारिक मतभेद असणार. तसे काहीही नाही. नऊ वर्षांपूर्वी जयंतीच्या निमंत्रणपत्रिकेतून एका कार्यकर्त्याचे नाव गाळले गेले, एवढेच कारण. तो कार्यकर्ता म्हणजे प्रस्तुत लेखक.

ज्याने पत्रिका छापली तो माझा बालमित्र. एकाच शाळेत शिकलो, एकाच मोर्चात लाठ्या खाल्ल्या. पण पत्रिका हातात पडली त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही. मी वेगळी समिती काढली. पुढे विहाराशेजारच्या मोकळ्या जागेवर मुलांसाठी अभ्यासिका बांधायला निधी मंजूर झाला. माझ्या समितीने त्याच्या समितीविरुद्ध हरकतीचा अर्ज दिला, त्यांनी आमच्याविरुद्ध दिला. मुदत संपली आणि निधी परत गेला. वस्तीतली मुले आजही बस पकडून दूरच्या वाचनालयात अभ्यासाला जातात. कोणत्याही जातीयवाद्याने आमची अभ्यासिका अडवली नाही. ती आम्ही अडवली.

शरीर कमावण्यासाठी आपल्या पोरांनी तालमी काढल्या, कबड्डीचे संघ काढले, समता सैनिक दलाच्या कवायती केल्या. पण अपमान झाला की छातीत जो जाळ उठतो तो कसा पेलावा, आपल्याच माणसाने दुखावले तर कसे वागावे, याची तालीम कुठे आहे? शरीरासारखी मनालाही तंदुरुस्ती लागते. ती नसेल तर मोठा कार्यकर्ताही एका शब्दाने कोसळतो आणि आपल्याबरोबर संघटनाही पाडतो.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. शतकानुशतके ज्यांना तुडवले गेले त्यांनाच राग सोडा असे सांगणे हा ढोंगीपणा नव्हे काय? होय, आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार झाला. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजी घडली. अशा वेळी ज्याचे रक्त तापत नाही त्याच्या मनाला तंदुरुस्त म्हणता येणार नाही, ते मन मेलेलेच म्हणावे लागेल. समतेचा प्रश्न बाजूला ठेवून समरसतेचे गोड घोट पाजणाऱ्यांपासून आपण सावधच राहिले पाहिजे. पण संताप आणि वैर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संताप अन्यायावर असतो, तो न्याय मिळवायला निघतो. वैर माणसावर असते, त्याला न्याय नको असतो. समोरचा खाली पडलेला पाहायचा असतो, मग त्यात आपली अभ्यासिका गेली तरी चालते.

हा फरक बाबासाहेबांनी महाडमध्ये कृतीने दाखवला. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेऊन लोक परतले. सत्याग्रही आता वीरेश्वराच्या मंदिरात घुसणार अशी अफवा गावात पसरवली गेली आणि बेसावध प्रतिनिधींवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. मंडपात जेवणारी माणसे, रस्त्याने गावाकडे निघालेली माणसे, यांची डोकी फुटली. बाबासाहेबांभोवती जमलेल्यांत लष्करात नोकरी केलेले गडी होते. ते एका शब्दाची वाट पाहत होते. तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. त्यांनी लोकांना आवरले, जखमींची व्यवस्था पाहिली आणि प्रकरण कायद्याच्या वाटेने नेले. हल्लेखोरांपैकी पाच जणांना सक्तमजुरी झाली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली. तळ्याच्या हक्काचा दावा १९३७ साली उच्च न्यायालयात आपण जिंकला.

त्या दिवशी बाबासाहेबांना राग आला नसेल काय? आला असणारच. पण तो त्यांनी ताब्यात ठेवला आणि दहा वर्षे पुरवला. त्या संध्याकाळी तो काठ्यांमध्ये खर्च झाला असता तर वर्तमानपत्रांत दोन्ही बाजूंची दंगल एवढीच नोंद उरली असती. मनाची तंदुरुस्ती म्हणतात ती हीच. तिला भित्रेपणा म्हणणाऱ्याने महाडचा इतिहास पुन्हा वाचावा.

ही तालीम बाबासाहेबांनी कुठून घेतली, ते त्यांच्या अखेरच्या ग्रंथात दिसते. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. सिद्धार्थाने घर का सोडले, या प्रश्नाला त्यात म्हातारा, आजारी आणि प्रेत या परंपरागत कथेचे उत्तर नाही. तिथे रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आहे. शाक्य आणि कोलिय यांच्या सेवकांत पाण्यावरून मारामारी झाली, दोन्हीकडचे जखमी झाले. शाक्य संघात युद्धाचा ठराव आला. अठ्ठावीस वर्षांच्या सिद्धार्थाने त्याला विरोध केला. आपलीही काही चूक आहे का, ते आधी तपासा, असे त्याचे म्हणणे होते. शाक्यांनी दोन माणसे निवडावीत, कोलियांनी दोन निवडावीत, त्या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी तंटा सोडवावा, असा त्याचा प्रस्ताव होता. तो बहुमताने फेटाळला गेला. कुटुंबावर बहिष्काराची आणि जमीन जप्तीची धमकी आली तेव्हा त्याने परिव्रज्या पत्करली.

यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. सिद्धार्थ गेल्यावर लोकमत बदलले, समेट झाला आणि पाण्याचे तंटे सोडवायला कायमचे लवाद मंडळ नेमायचे ठरले. आता घरी परतायला हरकत नाही, असा निरोप त्याच्यापर्यंत पोहोचला. तरी तो परतला नाही. दोन राज्यांतला कलह अधूनमधून पेटतो, पण वर्गावर्गातला कलह अखंड चालतो आणि दुःखाचे मूळ तिथे आहे, हे त्याला उमगले होते. म्हणजे बाबासाहेबांच्या बुद्धाने शेजाऱ्याशी समेट करायला सांगितले आणि विषमतेशी लढाईही सोडली नाही. आपण नेमके उलटे करतो. शेजाऱ्याशी लढतो आणि विषमतेशी समेट करतो!

बुद्धाच्या स्वतःच्या संघातही भांडण झाले होते. कोसंबीला शौचालयातल्या भांड्यात उरलेल्या पाण्याच्या क्षुल्लक कारणावरून भिक्खूंचे दोन तट पडले. तथागतांनी समजावले, ते ऐकेनात. तेव्हा तथागत एकटेच अरण्यात निघून गेले. मग कोसंबीचे उपासक पुढे आले. त्यांनी भांडखोर भिक्खूंना वंदन करणे आणि भिक्षा देणे बंद केले. भिक्खू ताळ्यावर आले, श्रावस्तीला तथागतांकडे गेले आणि संघ पुन्हा एक झाला. पुढाऱ्यांचे भांडण अनुयायांनी मिटवले, हे ध्यानात घ्या.

कारण आपला इतिहासही कोसंबीचाच आहे. रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झाला आणि थोड्याच काळात दुरुस्त-नादुरुस्त असे तट पडले. १९९८ साली ऐक्य झाले तेव्हा महाराष्ट्रातून रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार लोकसभेत गेले. तीही एकी टिकली नाही. प्रत्येक फुटीमागे तात्त्विक कारण सांगितले गेले. त्यातली किती फूट तत्त्वाची होती आणि किती दुखावलेल्या मनांची, हे ज्याचे त्याने स्वतःला विचारावे. पण आपण अनुयायांनी काय केले? आपण भिक्षा बंद केली नाही. आपण दोन्हीकडे टाळ्या वाजवल्या. आता तर भ्रमणध्वनीच्या समूहांवर रात्री एकाची, सकाळी दुसऱ्याची बदनामी आपणच पुढे ढकलतो.

मग तालीम करायची कशी? राग आला की प्रथम श्वासाकडे लक्ष द्यावे. विहारात शिकलेली आनापानसती फक्त पौर्णिमेसाठी नाही. आपल्याला आता राग आला आहे, असे स्वतःशी म्हटले की राग आणि आपण यांत थोडी जागा निर्माण होते, आणि निर्णय तिथे घेता येतो. उत्तराचे पत्र रात्री लिहिले तरी सकाळी वाचूनच पाठवावे. माणसाबद्दलची तक्रार त्या माणसाकडेच करावी. प्रत्येक विहारात दोन अधिक दोन अधिक एक अशी रोहिणीची समिती असावी आणि तंटा पोलिसांत किंवा महापालिकेत जाण्याआधी तिच्याकडे यावा. मात्र अत्याचाराचा गुन्हा हा तंटा नव्हे. त्याची जागा पोलीस ठाणे आणि न्यायालय हीच आहे. तिथे समेटाचा दबाव आणणारा मैत्रीचा शत्रूच समजावा.

आणि मुदिता, म्हणजे दुसऱ्याच्या सुखात आनंद मानणे. चार ब्रह्मविहारांतली हीच मला सर्वात अवघड गेली. मित्राची मुलगी वस्तीतली पहिली डॉक्टर झाली तेव्हा सगळी वस्ती त्याच्या दारात होती. मी माझ्या घरात दार लावून बसलो होतो. त्या रात्री स्वतःची लाज वाटली. जिच्यासाठी आपण चळवळ करतो ती हीच मुलगी नव्हे काय?

गेल्या महिन्यात पेढे घेऊन त्याच्या घरी गेलो. गळाभेट वगैरे काही झाली नाही. वहिनींनी चहा ठेवला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "नाव मीच गाळलं होतं. चुकलं माझं. पण तू अर्जात मला चोर लिहिलंस." मी म्हणालो, "लिहिलं. तेही चुकलं." नऊ वर्षांचे वैर, आणि बोलायला एवढीच दोन वाक्ये होती!

अभ्यासिकेसाठी आता एकच अर्ज गेला आहे, त्यावर दोघांच्या सह्या आहेत. निधी पुन्हा मिळेल की नाही, सांगता येत नाही. येत्या १४ एप्रिलला मंडप एक की दोन, यावर अजून चर्चा चालू आहे. दोन्हीकडची पोरे तापलेली आहेत, कारण त्यांना तापवले आम्हीच. त्यांना थंड करायलाही आम्हालाच जावे लागेल. बाबासाहेबांनी स्वातंत्र्य आणि समता यांच्या जोडीला बंधुता ठेवली, कारण तिच्यावाचून पहिल्या दोन टिकत नाहीत हे ते जाणून होते. ती बंधुता आपण जगाकडून मागतो, ते योग्यच आहे. पण ती आधी आपल्या विहाराच्या पायरीवर दिसली पाहिजे. ज्याच्याशी आपण बोलत नाही असा एक तरी धम्मबांधव प्रत्येकाला असतो. त्याचे दार फार लांब नाही.

जयभीम!