फेस्टिवलला चाललात? आधी काय बघायचं नाही ते ठरवा!

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातलं थोडं छाटलंय, थोडं तसंच ठेवलंय. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायचा कंटाळा असेल तर कानात इअरफोन घाला.)



आजचा विषय एका मेसेजमुळे सुचला. सांगलीच्या एका श्रोत्याने लिहिलंय, "दादा, यंदा पहिल्यांदाच गोव्याला इफ्फीला जायचं म्हणतोय. कॉलेज बुडवून तीनच दिवस मिळतील. पैसे पार्ट-टाइम कामातून साठवलेत, त्यामुळे उगाच फिरून यायचं नाहीये. पण लिस्ट उघडली तर दोनशेच्या वर फिल्म्स! काय बघू?"

हा प्रश्न फक्त त्याचा नाही. नऊ दिवसांचा फेस्टिवल, एकाच वेळी पाच-सहा पडद्यांवर चाललेल्या फिल्म्स, आणि आपल्याकडे मोजके दिवस, मोजके पैसे. मी स्वतः नोकरी करतो आणि गेली काही वर्षं रजा जमवून जमवून नोव्हेंबरात पणजी गाठतो. तेव्हा माझी पद्धत काय आहे, आणि ती तशीच का आहे, ते आज नीट उलगडून सांगतो.

मुळात एवढी धडपड कशाला? ओटीटी आहे की!

हा प्रश्न घरचे विचारतातच, तर आधी त्याचं उत्तर.

फेस्टिवलमधल्या बऱ्याचशा परदेशी फिल्म्स आपल्याकडे कधीच थिएटरला लागत नाहीत. ओटीटीवर आल्याच तर कधी येतील, किती दिवस राहतील, सबटायटल कसे असतील, काही भरवसा नाही. शिवाय फेस्टिवलच्या शोंना सेन्सॉर सर्टिफिकेटमधून सूट मिळते, त्यामुळे दिग्दर्शकाने जशी बनवली तशी फिल्म दिसते. म्हणजे काही फिल्म्ससाठी तो पणजीतला दोन तासांचा शो हीच तुमची एकमेव संधी असते.

आणि अशा शोचा परिणाम लांबवर जातो बरं का. भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९५२ साली मुंबईत सुरू झाला. तिथे इटलीची 'बायसिकल थीव्ज' दाखवली गेली. खरे रस्ते, खरी गरिबी, सायकल चोरीला गेलेला एक बाप आणि त्याचा मुलगा. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, बिमल रॉय यांचा 'दो बीघा जमीन' आला आणि त्यावर या इटालियन शैलीची छाप स्पष्ट दिसते. एका फेस्टिवलमध्ये काय बघायला मिळालं, याने आपल्या सिनेमाची वाट थोडी वळली. तोच महोत्सव २००४ पासून गोव्यात भरतो.

पहिली पायरी : लिस्टचे तीन ढीग करा

कार्यक्रम जाहीर झाला की लोक सगळ्यात आधी ओळखीची नावं शोधतात. मी उलटं करतो. काय बघायचं नाही ते आधी ठरवतो. त्यासाठी तीन ढीग.

पहिला ढीग : "नंतर नक्की मिळणार". मोठं नाव, भारतातला वितरक ठरलेला, रिलीजची तारीखही आलेली. २०२४ चं उदाहरण घ्या. पायल कपाडियांच्या 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट'ला कानमध्ये ग्रां प्री मिळालं होतं. मुंबई आणि रत्नागिरीकडे शूट झालेली, मल्याळम-हिंदीसोबत मराठीही ऐकू येणारी फिल्म. बघायलाच हवी, वादच नाही. पण ती २२ नोव्हेंबर २०२४ ला, म्हणजे इफ्फी चालू असतानाच, देशभर थिएटरला लागली. अशी फिल्म आपल्या गावात तिकीट काढून बघायची. गोव्यातला मौल्यवान स्लॉट तिच्यावर घालवायचा नाही.

दुसरा ढीग : "कधीतरी मिळेल". यात बऱ्याच मराठी आणि इतर भारतीय फिल्म्स येतात. हा ढीग जरा फसवा आहे, कारण 'कधीतरी' म्हणजे किती, ते बघा. निखिल महाजन यांचा 'गोदावरी' इफ्फीत दिसला २०२१ ला, जितेंद्र जोशीला तिथे सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा रौप्य मयूर मिळाला, आणि फिल्म थिएटरला आली नोव्हेंबर २०२२ मध्ये. जयंत सोमलकरांचा 'स्थळ' टोरांटोला २०२३ च्या सप्टेंबरात गाजला, आपल्याकडे लागला मार्च २०२५ मध्ये. दीड वर्ष! आणि लागला तरी तालुक्याच्या थिएटरला किती दिवस टिकणार? पुण्या-मुंबईत राहणाऱ्याने थांबायला हरकत नाही. पण तुमच्या गावात एकच थिएटर असेल आणि तिथे मोठ्या स्टारचीच फिल्म लागत असेल, तर ही फिल्म तुमच्यासाठी तिसऱ्या ढिगात जाते.

तिसरा ढीग : "परत मिळणार नाही". छोट्या देशांच्या फिल्म्स, पहिल्यांदाच फिल्म बनवणारे दिग्दर्शक, जिथे एकही नाव ओळखीचं नाही असं सगळं. फेस्टिवलला जायचं ते या ढिगासाठी.

दुसरी पायरी : अनोळखी फिल्ममधून चांगली कशी ओळखायची?

इथे लोक अडतात. कॅटलॉगमधले चार ओळींचे सारांश वाचले तर सगळ्याच फिल्म्स सारख्या वाटतात. एक मुलगी, एक गाव, एक गुपित. मग निवडायचं कसं?

माझा उपाय म्हणजे फिल्मचा माग काढायचा. वर्षभराचं एक चक्र असतं. फेब्रुवारीत बर्लिन, मे महिन्यात कान, ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडचं लोकार्नो, ऑगस्टअखेरीस व्हेनिस, सप्टेंबरात टोरांटो, मग दक्षिण कोरियातलं बुसान. नोव्हेंबरात गोव्याला येणाऱ्या बऱ्याच फिल्म्स यातल्या कुठल्या तरी दारातून आत आलेल्या असतात. फिल्मचं नाव सर्च करा आणि ती आधी कुठे दाखवली गेली, कुठल्या विभागात होती, ते बघा.

यातही लोक फक्त कानची मुख्य स्पर्धा बघतात. पण नवीन माणसं सापडतात ती बाजूच्या विभागांत : कानचा 'अन सर्टन रिगार्ड', व्हेनिसचा 'ओरिझाँती'. आपल्या चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' २०१४ ला याच ओरिझाँतीत सर्वोत्कृष्ट ठरला होता. त्या वेळी बाहेरच्या प्रेक्षकाला त्याचं नाव कुठे माहीत होतं? जसे ते लोक 'कोर्ट'ला बसले, तसं आपण आज लिथुआनियाच्या फिल्मला बसायचं.

लिथुआनिया उगाच नाही म्हटलं. इफ्फीचा सुवर्ण मयूर २०२४ ला 'टॉक्सिक' या लिथुआनियन फिल्मला मिळाला. साउले ब्लियुवाइते या दिग्दर्शिकेची ही पहिलीच फिल्म. २०२२ ला सुवर्ण मयूर मिळाला 'आय हॅव इलेक्ट्रिक ड्रीम्स'ला. दिग्दर्शिका व्हॅलेंटिना मॉरेल, मूळची कोस्टारिकाची, तिचीही पहिलीच फिल्म. आता गंमत बघा, दोन्ही फिल्म्स त्याआधी ऑगस्टमध्ये लोकार्नोत बक्षिसं घेऊन आल्या होत्या. म्हणजे ज्याने लोकार्नोची यादी चाळली होती, त्याला या दोन्ही आधीच हेरता आल्या असत्या. अर्ध्या तासाचं काम, तेही फोनवर.

ट्रेलर बघायचा तर तीस सेकंद बघा. गोष्टीसाठी नको, चाल कळण्यासाठी. फिल्म संथ आहे की धावती, एवढं कळलं की बंद करा.

तिसरी पायरी : दिवसाचा हिशोब

आता साधं गणित. सकाळी ९ ते रात्री ११, म्हणजे १४ तास. एक फिल्म सरासरी दोन तास. प्रत्येक शोच्या आधीची रांग, नंतरचं बाहेर पडणं, दुसऱ्या पडद्यापर्यंत चालणं, यात अर्धा तास धरा. जेवण-चहाला दिवसभरात दीड तास.

पाच फिल्म्स बघायच्या तर १० तास फिल्म्सचे, अडीच तास रांगांचे, दीड तास पोटाचा. झाले १४! एक शो पंधरा मिनिटं उशिरा सुरू झाला की सगळा पत्त्यांचा बंगला कोसळला. चार फिल्म्स घेतल्या तर साडेअकरा तास होतात आणि अडीच तास हातात राहतात. त्या वेळात दिग्दर्शकाशी गप्पांचं सत्र ऐकता येतं, मांडवीच्या काठावर नुसतं बसताही येतं.

म्हणून माझा नियम : दिवसाला चार, त्याच्या वर नाही. पाचव्या फिल्मपर्यंत डोळे सबटायटल वाचायला नकार देतात आणि दुसऱ्या दिवशी कुठली गोष्ट कुठल्या फिल्मची ते आठवत नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या!

कालावधी बघायला विसरू नका. बेला तारची 'सातांतांगो' सात तासांहून मोठी आहे. अशी फिल्म यादीत असेल तर ती 'एक फिल्म' नाही, तो तुमचा पूर्ण दिवस आहे. घ्यायची तर डोळे उघडे ठेवून घ्या.

जागांचाही विचार करा. पणजीत आयनॉक्स आणि मॅकिनेझ पॅलेस अगदी शेजारी आहेत. कला अकादमी कांपालला, चालत जाता येतं. पर्वरीचं थिएटर मात्र मांडवीच्या पलीकडे. पूल ओलांडायचा म्हणजे ट्रॅफिक आलाच. एका दिवसात पणजी-पर्वरी-पणजी करू नका. पर्वरीला जायचंच तर सलग दोन शो तिकडेच बघा.

चौथी पायरी : तक्ता कसा भरायचा

इथे एक युक्ती आहे. काही फिल्म्सचे दोन शो असतात, काहींचा एकच. तक्ता भरताना आधी एकच शो असलेल्या फिल्म्स बसवा. दोन शोवाल्या नंतर मोकळ्या जागेत सरकवता येतात. डब्यात सामान भरताना मोठं भांडं आधी ठेवतो ना, तसंच. आवडीच्या क्रमाने भरत गेलात तर दोन शोवाली फिल्म एकुलत्या एका शोच्या जागेवर जाऊन बसते आणि दुसरी कायमची हुकते.

प्रत्येक स्लॉटला एक पक्की आणि एक पर्यायी फिल्म लिहा. बुकिंग ऑनलाइन असतं, गाजलेल्या फिल्म्सच्या जागा बघता बघता संपतात. तेव्हा पर्याय तयार नसेल तर माणूस घाईत काहीही बुक करतो. तिकिटाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि पॉवर बँक सोबत घ्या.

आणि एक कळकळीची विनंती. जाणार नसाल तर बुकिंग रद्द करा. तुमची रिकामी खुर्ची म्हणजे बाहेर उभ्या असलेल्या कुणाचा तरी एकमेव शो असतो.

मग तीन दिवसांत काय?

आता सांगलीच्या मित्रासाठी. तीन दिवस गुणिले चार म्हणजे बारा. पहिल्या दिवशी रात्रभराचा प्रवास करून येणार, म्हणून एक वजा. राहिल्या अकरा. त्या मी अशा वाटेन :

पाच फिल्म्स तिसऱ्या ढिगातून, वेगवेगळ्या देशांच्या. त्यातल्या किमान दोन पहिल्यांदा दिग्दर्शन करणाऱ्यांच्या.

तीन भारतीय, 'इंडियन पॅनोरमा'मधून. आपली भाषा सोडून एखादी आसामी, कन्नड, मल्याळम घ्या. या शोंना फिल्मची टीम बरेचदा हजर असते. कॅमेरामनला प्रश्न विचारायची संधी विद्यार्थ्याला दुसरीकडे कुठे मिळणार?

दोन जुन्या, नव्याने दुरुस्त केलेल्या प्रिंटच्या. २०२४ ला राज कपूरच्या जन्मशताब्दीनिमित्त 'आवारा' दाखवला होता. "तो तर फोनवर आहे" असं म्हणाल. आहे की! पण तो फोनसाठी बनला नव्हता. अंधारात, मोठ्या पडद्यावर, शेजारी तीनशे माणसं हसतायत, हा वेगळाच सिनेमा असतो.

आणि एक स्लॉट पूर्ण मोकळा. तो भरायचा रांगेत उभं राहून. "आज काय चांगलं बघितलंत?" असा प्रश्न शेजारच्याला विचारायचा. दुसऱ्या दिवसापासून रांगेत एखाद्या फिल्मचं नाव सारखं कानावर यायला लागतं. तिचा दुसरा शो उरला असेल तर तो या स्लॉटमध्ये.

दिवसाच्या आत क्रमही लावा. जड, शांत, लक्ष मागणारी फिल्म सकाळी. माशांचं ताट जेवून आल्यावर दुपारी अडीचला संथ फिल्म लावलीत तर तुम्ही घोरणार आणि शेजारचा वैतागणार. दुपारी गोष्ट पळणारी हवी.

फिल्म नाहीच जमली तर? मी अर्धा तास देतो. तरीही पडद्यावरचं कुणीच आपलं वाटलं नाही तर शांतपणे उठतो. त्यासाठी कडेची खुर्ची घ्यायची, म्हणजे कुणाला त्रास होत नाही. पण 'समजत नाहीये' आणि 'आवडत नाहीये' यात गल्लत करू नका. समजत नसेल तर थांबा. बऱ्याच फिल्म्स शेवटच्या वीस मिनिटांत उलगडतात.

गोव्याला जमत नसेल तर

नाराज होऊ नका. जानेवारीत पुण्यात पिफ असतो, छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ महोत्सव असतो, कोल्हापुरातही फेस्टिवल भरतो. मुंबईत प्रभात चित्र मंडळासारखी फिल्म सोसायटी १९६८ पासून चालू आहे. बुकिंगचे नियम प्रत्येक ठिकाणी निराळे, काही ठिकाणी सरळ रांगच. पण तीन ढीग, चारचा नियम आणि एकुलता शो आधी, हे सगळीकडे चालतं.

रोज रात्री झोपण्यापूर्वी त्या दिवशीच्या प्रत्येक फिल्मवर दोन ओळी लिहा. फोनच्या नोट्समध्ये लिहा, चुकीचं मराठी लिहा, काहीही चालेल. वर्षभराने तीच यादी सांगेल की तुम्हाला खरंच काय आवडतं आणि काय नुसतं लोकांनी म्हटलं म्हणून बघितलं होतं. पुढच्या वर्षीचे ढीग मग भराभर पडतात.

आजच्यासाठी एवढंच. तुमचा तक्ता बनवलात तर मला पाठवा, विशेषतः तो मोकळा स्लॉट कुठल्या फिल्मने भरला ते नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर बघत राहा, ऐकत राहा!