लेकीच्या गुडघ्याला कोणता पट्टा?

बैठकीत आपण बचत, कर्ज, हप्ता यावर बोलतो. आज मी गुडघ्याच्या पट्ट्यावर बोलणार आहे. मेडिकलमध्ये ‘नी-कॅप’ म्हणून मिळतो तो. विषय लहान वाटेल, पण एका लेकीचं अख्खं वर्ष त्यात गेलं. त्यात माझीही चूक होती, म्हणून सांगते.

आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी नववीत होती. कबड्डीत चढाई करायची. तालुक्याच्या सामन्यात झटकन वळताना तिचा गुडघा पिरगळला. आत ‘कट’ असा आवाज आला, असं ती म्हणाली होती. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. दहा-बारा दिवसांत सूज उतरली आणि पोरगी चालायला लागली. पुढे जिल्ह्याचे सामने होते. ताईंनी मला विचारलं, “मॅडम, खेळू देऊ का?” मी म्हणाले, “नी-कॅप आणा, आधार राहील.” त्यांनी आणला. तो घालून पोरगी सरावाला गेली आणि तिसऱ्या दिवशी तोच गुडघा पुन्हा निसटला. तपासणीत कळलं, आतलं लिगामेंट पहिल्याच वेळी तुटलं होतं. आता गादीही फाटली होती. डॉक्टर म्हणाले, “पट्टा वाईट नव्हता, पण तो या दुखण्याचा नव्हता.”

तेव्हापासून कोणी पट्ट्याचं विचारलं, की मी आधी एकच विचारते: गुडघ्याला नेमकं झालंय काय?

गुडघ्यात वरून मांडीचं हाड येतं, खालून नडगीचं, आणि पुढे वाटी असते. दोन हाडांच्या मध्ये कूर्चेच्या दोन गाद्या असतात. हाडं जागेवर धरायला चार मजबूत दोर असतात. त्यांनाच लिगामेंट म्हणतात. दोन दोर बाजूंना आणि दोन आत, एकमेकांवर फुलीसारखे. कबड्डीत वळताना, खो-खोत खांब मारताना, टेनिस किंवा बॅडमिंटनमध्ये धावता धावता थांबून फिरताना पाय जमिनीवर रोवलेला राहतो आणि अंग फिरतं. तेव्हा आतल्या दोरावर ताण येतो. हा दोर तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा मुलींमध्ये जास्त आहे. म्हणून हे मुलींच्या आयांनी समजून घ्यायला हवं.

आता पट्ट्यांचे प्रकार ऐका.

पहिला, साधा ओढून घालायचा नी-कॅप. मोज्यासारखा, लवचीक कापडाचा. तो गुडघा उबदार ठेवतो आणि थोडा दाब देतो, त्यामुळे बरं वाटतं. किरकोळ दुखणं, हलकी सूज असेल तर चालतो. पण गुडघा निसटत असेल तर तो थांबवू शकत नाही. आम्ही घेतला तो हाच.

दुसरा, पुढे गोल भोक असलेला. भोकाभोवती मऊ कडं असतं. वाटीच्या आजूबाजूला दुखतं, जिना उतरताना कळ येते, अशांना डॉक्टर हा सांगतात.

तिसरा, वाटीच्या खाली बांधायची अरुंद पट्टी. सतत उड्या मारून, धावून वाटीखालची शीर दुखायला लागते, तिच्यासाठी. स्पेनचा टेनिसपटू राफेल नदाल अशी पट्टी बांधून खेळताना टीव्हीवर अनेकांनी पाहिला असेल.

चौथा, दोन्ही बाजूंना बिजागरी असलेला ब्रेस. बाजूचं लिगामेंट दुखावलं असेल किंवा ऑपरेशननंतर पुन्हा खेळायचं असेल, तर हा लागतो. हा डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय घेऊ नका. त्यात धातूच्या पट्ट्या असतात. कबड्डीत त्या समोरच्या मुलीला लागू शकतात, म्हणून सामन्याआधी पंचांना विचारायलाच हवं.

पाचवा, मांडीपासून पोटरीपर्यंतचा लांब, ताठ पट्टा. तो पाय वाकू देत नाही. दुखापतीनंतरच्या आरामासाठी आहे, खेळण्यासाठी नाही.

आणखी एक वस्तू असते, नी-पॅड. समोर जाड गादी असलेलं. खो-खोत सूर मारताना गुडघा सोलवटू नये म्हणून ते घालतात. त्यानं खरचटणं वाचतं, पिरगळणं वाचत नाही.

किमतीचं म्हणाल, तर साधा नी-कॅप दोन-तीनशेला मिळतो आणि बिजागरीचा बऱ्याचदा हजाराच्या आसपास किंवा पुढे जातो. महाग तो चांगला, असं मात्र नाही. चुकीचा महाग पट्टा हा चुकीचाच.

प्रकार ठरला की माप. “मध्यम द्या” असं सांगून घेऊ नका. आपल्या गटात शिलाई मशीनवाली कोणी असतेच, तिचा टेप घ्या. मुलीला उभं करून, पाय सैल ठेवून, वाटीच्या बरोबर मधून गोल माप घ्या. काही कंपन्या गुडघ्याच्या वर मांडीचं आणि खाली पोटरीचंही माप मागतात. डब्यावर सेंटीमीटरचा तक्ता असतो, त्याच्याशी जुळवा. टेप नसेल तर सुतळीनं माप घेऊन ती पट्टीवर मोजा. दोन्ही गुडघ्यांचं माप वेगळं येऊ शकतं, म्हणून दुखऱ्या गुडघ्याचंच घ्या, आणि सूज उतरल्यावर. मापं वाढत्या वयात बदलतात. गेल्या वर्षीचा पट्टा यंदा बसेलच असं नाही.

दुकानातच घालून बघा. दहा उठाबशा आणि थोडं चालणं. पट्टा खाली घसरतो का? भोक असेल तर ते वाटीवरच राहतं का? कडेतून दोन बोटं जरा जोर लावून आत जायला हवीत. पाय बधिर झाला, मुंग्या आल्या, बोटं गार किंवा निळसर झाली, तर पट्टा घट्ट आहे. लगेच काढा. नी-कॅप घालून रात्री झोपू नये. परभणीच्या उन्हाळ्यात घामानं कातडी उठते, म्हणून खेळ झाला की काढायचा, साध्या साबणानं धुवायचा आणि सावलीत वाळवायचा. उन्हात आणि गरम पाण्यात त्याची लवचीकता जाते. एक पट्टा दोन मुलींनी आळीपाळीनं वापरू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही खुणा दिसल्या तर दुकानात न जाता आधी डॉक्टरकडे जायचं. पिरगळताना आत आवाज आला. काही तासांतच मोठी सूज आली. पायावर भार देता येत नाही. गुडघा मध्येच अडकतो, पूर्ण सरळ होत नाही. चालताना ‘आता पडते’ असं वाटतं. यातलं एक जरी असेल तरी हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं. सूज उतरली म्हणजे दोर जोडला गेला, असं नसतं. मी फसले ती इथेच. आपल्याकडे जिल्हा रुग्णालयात हाडांचा विभाग आहे. ऑपरेशन सांगितलं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

डॉक्टरांकडे पोचेपर्यंत खेळ बंद. फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं लावा, दिवसातून तीन-चार वेळा. पाय उशीवर उंच ठेवा. पहिले दोन-तीन दिवस गरम शेक नको, तेल लावून रगडणं नको, कोणाकडून गुडघा ओढून घेणं तर मुळीच नको.

मग धडधाकट पोरीनं आधीपासून पट्टा घालावा का? तसं घातल्यानं लिगामेंट वाचतंच, असं नाही. गुडघ्याला खरा आधार मांडीच्या स्नायूंचा. जागतिक फुटबॉल संघटनेनं, म्हणजे फिफानं, सरावाआधीचे वीस मिनिटांचे व्यायाम ठरवून दिले आहेत. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर त्यांचा अभ्यास झाला. २००८ साली तो प्रसिद्ध झाला. व्यायाम करणाऱ्या मुलींच्या एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशानं कमी होत्या. त्याला साहित्य लागत नाही. हळू धावणं, एका पायावर तोल, उठाबशा, उडी मारून गुडघे वाकवून अलगद उतरणं. उतरताना गुडघे आत, एकमेकांकडे झुकू द्यायचे नाहीत. शाळेतल्या सरांना सांगून हे रोज करून घ्या.

एक शब्द आपल्यासाठीही. निंदणी-वेचणी करून आपलेही गुडघे दुखतात. पण ती बहुतेकदा झीज असते, लेकीचं दुखणं वेगळं. म्हणून आईचा पट्टा लेकीला नको आणि लेकीचा आईला नको. आपल्यालाही तपासूनच घ्यायचा.

हे ऐकून कोणी पोरीचा खेळ बंद करू नका. आपल्या परभणीची ज्योती गवते २०१७ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. धाराशिवच्या सारिका काळे हिला खो-खोसाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या मुलींनी जिंकला, आणि त्यांची कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती.

आमच्या त्या पोरीचं ऑपरेशन झालं. गटानं अंतर्गत कर्ज दिलं. नऊ महिने तिनं घरी व्यायाम केला. डॉक्टरांनी लिहून दिलेला बिजागरीचा ब्रेस आणायला मी सोबत गेले होते, टेप घेऊन. आता ती पुन्हा मैदानावर जाते. अजून चढाई नाही, धावते आहे.

पुढच्या बैठकीला ज्यांच्या मुली खेळतात, त्यांनी मुलींनाही घेऊन या. कोणाचा गुडघा दुखतो, कधीपासून, पिरगळला होता का, एवढं विचारू आणि वहीत लिहू. पट्ट्याचं त्यानंतर बघू.