प्रार्थनापुस्तकांतील संतचित्रें

जुन्या पोथ्यांचीं दप्तरें सोडलीं असतां पानांच्या मधून कधीं सुकलेलें तुळशीचें पान, कधीं मोरपीस, तर कधीं एखादी हिशेबाची चिठ्ठी निघते, हा संग्राहकांच्या नित्य अनुभवाचा भाग आहे. कॅथॉलिक ख्रिस्ती कुटुंबांतील प्रार्थनापुस्तकें उघडलीं असतां अशाच रीतीनें हातास लागणारी वस्तु म्हणजे तळहातांत मावणारें संतचित्र होय. पोर्तुगीज भाषेंत यास ‘सांतीन्यो’, म्हणजे ‘लहानसा संत’, असें लडिवाळ नांव आहे. एका अंगास ख्रिस्ताचें, मरियेचें अथवा एखाद्या संताचें चित्र व दुसऱ्या अंगास प्रार्थना, अशी त्याची सर्वसाधारण घडण. गोमंतक व वसई प्रांतांतील जुने ग्रंथ चाळणारास हीं चित्रें भेटतात. परंतु बहुधा तीं किरकोळ कागद म्हणून बाजूस टाकलीं जातात, किंवा पुस्तकांतून काढून सुटीं विकलीं जातात. हीं चित्रें कोठून आलीं, नित्याच्या प्रार्थनेंत त्यांचा उपयोग काय, आणि त्यांवरून कोणतें ऐतिहासिक साधन हातीं येतें, याचा विचार आम्ही येथें थोडक्यांत करणार आहों.

प्रथम त्यांच्या पूर्वपीठिकेविषयीं. सन नमूद असलेल्या युरोपीय लाकडी ठशांच्या चित्रांत संत ख्रिस्तोफराचें १४२३ सालचें चित्र प्रसिद्ध आहे. दक्षिण जर्मनींतील बुक्सहाइम येथील मठांत १४१७ सालच्या एका हस्तलिखिताच्या पुठ्ठ्यास आंतून चिकटविलेलें असें तें सांपडलें. सध्यां तें मँचेस्टर येथील जॉन रायलंड्स ग्रंथालयांत आहे. चित्राखालील लॅटिन ओळींचा आशय असा कीं, या संताचें मुख ज्या दिवशीं पाहावें त्या दिवशीं दुर्मरण येत नाहीं. म्हणजे चित्राचें रोज दर्शन घ्यावें, ही अपेक्षा त्या चित्रावरच लिहिलेली आहे. आणि तें आपणांपर्यंत पोंचलें तें हस्तलिखिताच्या बांधणीनें त्यास आश्रय दिला म्हणून, ही गोष्ट आमच्या वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी.

सोळाव्या शतकांत अँटवर्प हें ताम्रपटावर कोरलेल्या धार्मिक चित्रांचें मोठें केंद्र बनलें. तेथें १५९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या नादाल या जेज्विट धर्मगुरूच्या ग्रंथांत १५३ चित्रें असून, चित्रांतील प्रत्येक स्थळास अक्षरें घालून खालीं त्यांचें विवरण दिलें आहे. प्रसंग प्रथम मनश्चक्षूंपुढें उभा करावा व मग चिंतन करावें, ही जेज्विटांची उपासनापद्धति. तिला चित्राचें साह्य हवें होतें. पुढें सतराव्या व अठराव्या शतकांत फ्रान्स, फ्लँडर्स व दक्षिण जर्मनी येथील मठांतून चर्मपत्रास बारीक चाकूनें जाळी कापून मध्यें रंगीत चित्र काढण्याची कला भरास आली. अठराव्या शतकाच्या अखेरीस सेनेफेल्डरनें शिळाछाप शोधून काढला. त्यानंतर यंत्रानें कातरलेली जाळीदार किनार व रंगीत छपाई यांच्या योगें पॅरिसच्या सें-स्युल्पीस भागांतील प्रकाशकांनीं अशीं चित्रें स्वस्त करून सर्वत्र पोंचविलीं.

आपल्या इतिहासाशीं या चित्रांचा संबंध अकबराच्या दरबारापासून पोंचतो. १५७९ च्या अखेरीस गोव्याहून निघालेलें अक्वाविवा, मॉन्सेरात व हेन्रिकेझ या जेज्विटांचें मंडळ १५८० सालीं फत्तेपूर शिक्री येथें पोंचलें. त्यांनीं बादशहास अँटवर्पचें अनेकभाषी बायबल नजर केलें. पुढें जहांगीराच्या चित्रसंग्रहांत युरोपीय ताम्रपटांचे छाप चिकटविलेले व त्यांवरून मोगल चित्रकारांनीं केलेल्या नकला आढळतात. प्रार्थनेसाठीं आलेला कागद तेथें कौतुकाची वस्तु झाला.

आतां नित्य उपयोगाकडे वळूं. चित्राची पूजा होते, असा बाहेरच्यांचा समज असतो. परंतु ट्रेंट येथील धर्मसभेनें १५६३ सालीं असा स्पष्ट निर्णय दिला आहे कीं, चित्रांत स्वतःचें कांहीं दैवी सामर्थ्य नसून त्यास दिलेला मान मूळ व्यक्तीस पोंचतो. या मर्यादेंत राहून भाविक मनुष्य सकाळीं वा रात्रीं चित्र समोर धरून पाठीमागील प्रार्थना म्हणतो, चित्राचें चुंबन घेतो, तें आजाऱ्याच्या उशाशीं ठेवतो, प्रवासांत खिशांत बाळगतो. नऊ दिवसांच्या व्रतास नोव्हेना म्हणतात. त्यांत तीच प्रार्थना रोज म्हणावयाची असल्यानें चित्र हेंच पुस्तकाचें काम करतें. जुन्या गोव्यांत संत फ्रान्सिस झेवियर याचा नोव्हेना २४ नोव्हेंबरास आरंभून ३ डिसेंबरच्या सणाच्या आदल्या दिवशीं संपतो. लोकाचारानें कधीं मर्यादाही ओलांडली: जर्मन प्रांतांत टपालाच्या तिकिटाएवढीं चित्रें औषधासारखीं गिळण्याची चाल होती.

परंतु संशोधकाच्या दृष्टीनें महत्त्वाचा उपयोग खुणेचा आहे. धर्मगुरूंचा जुना नित्यपाठ चार खंडांत असे व एका दिवसाच्या पाठासाठीं पुस्तकांत अनेक ठिकाणें उलटावीं लागत. तेथें चित्रें खुणेस घालीत. संसारी माणसांच्या प्रार्थनापुस्तकांतही तोच प्रकार. दिवंगत आप्तांच्या स्मरणार्थ नांव, जन्म व मृत्यूच्या तारखा छापून चित्रें वांटण्याची रीत नेदरलंडांत सतराव्या शतकापासून दिसते व पुढें ती इतरत्रही पसरली. असें चित्र पुस्तकांत ठेवलें म्हणजे प्रार्थनेच्या वेळीं त्या व्यक्तीचें स्मरण आपोआप होई. प्रथम ख्रिस्तप्रसाद, धर्मगुरूची दीक्षा अशा प्रसंगींही चित्रें देत. अर्थात् एका पुस्तकांतील सर्व चित्रें क्रमानें वाचलीं तर तें एका घराण्याचें छोटें टिपणच होतें.

या चित्रांचा काळ ठरविण्याचीं कांहीं साधनें सांगतों. ज्या पत्रावर राज्याभिषेक शक आहे तें १६७४ पूर्वींचें असूं शकत नाहीं. त्याच न्यायानें येथें संताच्या पदवीचा उपयोग होतो. कॅथॉलिक पंथांत मनुष्यास प्रथम ‘धन्य’ व नंतर ‘संत’ अशी पदवी मिळते. वसईचा गोन्सालो गार्सिया १५९७ सालीं नागासाकी येथें हुतात्मा झाला, १६२७ सालीं धन्य व १८६२ सालीं संत ठरला. लिझ्यूची तेरेजा १९२३ सालीं धन्य व १९२५ सालीं संत. गोमंतकीय जोसेफ वाझ १९९५ सालीं धन्य व २०१५ सालीं संत. तेव्हां जोसेफ वाझ याच्या चित्रावर ‘संत’ असल्यास तें २०१५ पूर्वींचें नव्हे, हें प्रायः निश्चित. ‘धन्य’ असल्यास छपाई १९९५ ते २०१५ या अवधींतील मानावी. मात्र जुन्या छपाईचीं चित्रें पुढेंही वापरांत राहतात, म्हणून पुस्तकांत तीं केव्हां घातलीं हें त्यावरून ठरत नाहीं. हातानें लिहिलेली तारीखही बहुधा देण्याची असते, छापण्याची नव्हे.

दुसरें साधन पाठीमागील मजकूर. प्रार्थनेखालीं ‘३०० दिवस’ अशी सूट पुष्कळदां दिसते. हे दिवस मरणोत्तर शुद्धीच्या काळाचे, असा समज रूढ आहे, पण तो बरोबर नाहीं. प्राचीन काळीं पापाबद्दल तितके दिवस जें प्रायश्चित्त घ्यावें लागे, त्याच्या मानानें ती सूट मोजीत. सहावे पोप पॉल यांनीं १९६७ सालीं ही दिवसांची मोजणी बंद केली. सबब असा आंकडा असलेलें चित्र सामान्यतः त्यापूर्वींचें. तिसरें साधन विषय: लूर्दच्या गुहेंतील मरियेचें चित्र १८५८ च्या पूर्वींचें असणें शक्य नाहीं. कांहीं चित्रांस कापडाचा तिळाएवढा तुकडा चिकटविलेला असतो व ‘एक्स इंदुमेंतीस’ हे लॅटिन शब्द असतात. त्यांचा अर्थ, संताच्या वस्त्रांपैकीं.

वरील सर्व साधनांहून नाजूक असें एक साधन आहे, तें चित्राची जागा. मृतस्मरणाचें चित्र २ नोव्हेंबरच्या, सर्व मृतांच्या दिवसाच्या, प्रार्थनेपाशीं होतें कीं रोजच्या रात्रीच्या प्रार्थनेपाशीं, यावरून तें स्मरण वर्षाचें होतें कीं रोजचें, हें अनुमानितां येतें. कोणतें पान बोटांनीं मळलें आहे, कोठें मेणाचा थेंब आहे, कोणत्या चित्राची कड चुंबनांनीं झिजली आहे, हीं त्या मनुष्याच्या उपासनेचीं अलिखित प्रमाणें होत. चित्र काढून सुबक वहींत लावलें कीं तीं सर्व एका क्षणांत नष्ट होतात. मग राहतो तो केवळ छापखान्याचा इतिहास, वापरणाराचा नव्हे.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे. असें पुस्तक हातीं आल्यास प्रथम प्रत्येक चित्राचें ठिकाण, दोन पानांचे आंकडे, चित्राचें तोंड कोणत्या बाजूस आहे तें व मागील हस्तलेख टिपून घ्यावा. चिकटलेलें चित्र ओढून काढूं नये. चिकटपट्टी लावूं नये. जाळीदार किनारीचें चित्र कागदाच्या पाकिटांत ठेवणें भाग पडल्यास मूळ जागीं त्याचा आंकडा लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. पुस्तक व चित्रें यांची ताटातूट होऊं न देणें, एवढें पथ्य पाळलें तरी पुढील अभ्यासकावर मोठे उपकार होतील.