टिंबाची किंमत

लघु-गुरू मोजण्यात उमर गेलेल्या माणसाने संगणकावर बोलावे, याचे आपल्याला नवल वाटेल. पण त्या यंत्रालाही एक छंदशास्त्र आहे. त्याचे नाव रेग्युलर एक्स्प्रेशन. कोणता शब्द शोधायचा हे न सांगता, त्याची घडण कशी असावी एवढेच त्यात सांगायचे. अमेरिकन गणिती स्टीफन क्लेनी यांचा यावरचा लेख १९५६ साली प्रसिद्ध झाला. या साच्याने मजकूर शोधण्याची रीत केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये छापली.

डिसेंबर २०२१ मध्ये अशा शोधावर बरेच काही अवलंबून होते. जगभर वापरल्या जाणाऱ्या 'लॉग-फोर-जे' या सॉफ्टवेअरमध्ये मोठे भगदाड सापडले. त्यातून परका माणूस आपल्या संगणकावर हवी ती आज्ञा चालवू शकत होता. २.१४.१ ही आवृत्ती धोक्याची होती. २.१५.० मध्ये पहिली दुरुस्ती आली. तीही अपुरी ठरली. आता हजारो फायलींच्या यादीत हा आकडा शोधायचा कसा?

नुसते '२.१४.१' लिहून भागत नाही. या भाषेत टिंब म्हणजे 'कोणतेही एक अक्षर'. त्यामुळे '२०१४-११-०५' ही तारीखही जाळ्यात सापडते: आधी २, मग काहीही, मग १४, मग काहीही, मग १. टिंबाला टिंबच मानायचे, तर त्याच्याआधी उलटी तिरकी रेघ द्यायची: '२\.१४\.१'. तरीही '१२.१४.१' आणि '२.१४.१०' यांच्या पोटात तो आकडा दडलेला असतोच. म्हणून आगेमागे आणखी अंक नसावा, अशी अट घालावी लागते.

आणि एवढे करूनही साच्याला आकार कळतो, लहानमोठेपण कळत नाही. आवृत्त्यांत २.९ आधीची आणि २.१४ नंतरची. दशांश अपूर्णांक म्हणून वाचणारा मात्र २.९ लाच मोठी म्हणेल आणि जुनी, धोक्याची आवृत्ती नवी समजून सोडून देईल. म्हणून साच्याने आकडा नुसता शोधून द्यावा. मग टिंबापाशी त्याचे तुकडे करून ९ आणि १४ हे पूर्णांक म्हणून तोलावेत.

आम्हा कवींना हे नवे नाही. मात्रा चोख भरल्या म्हणून ओळीला अर्थ येतोच असे नाही. वृत्त तपासून झाले, की ओळ वाचावीच लागते.