किक मारून पाय दुखला, गाडी चालू होईना? सीडीआय बदलण्याआधी हे तपासा



सकाळचे साडेसहा वाजलेत. कुर्डुवाडीत तुम्ही गॅरेजचं शटर अर्धं वर केलंय, तोवर दूधवाले मामा जुनी स्प्लेंडर ढकलत दारात हजर. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन. "दादा, किक मारून मारून पाय दुखला, गाडी काय चालू होईना. दूध नासायच्या आत बघा काहीतरी."

तुमच्या डोक्यात पहिलं काय येतं? बऱ्याच जणांच्या डोक्यात येतो सीडीआय. बदलायला सोपा ना! कपलर काढला, दुसरा लावला. पण नवा लावूनही करंट आला नाही तर? इलेक्ट्रिकल पार्ट दुकानदार सहसा परत घेत नाही. मामांकडून पैसे घेतले तर गिऱ्हाईक तुटलं, नाही घेतले तर दिवसाची कमाई गेली. अंदाजाने पार्ट बदलणं हा छोट्या गॅरेजचा सगळ्यात महागडा खर्च आहे, आणि तो कुठल्याच वहीत दिसत नाही.

म्हणून आधी कॅन उतरवून सावलीत ठेवा. शक्य असेल तर तुमची गाडी देऊन मामांना दूध पोचवू द्या. घाई गेली की डोकं चालतं.

शेवटच्या स्टेशनपासून मागं या

आपण जंक्शनची माणसं. पुण्याकडून येणारी गाडी कुर्डुवाडीला आली नाही, तर आपण विचारतो, केम सोडलं का? नसेल तर जेऊर सोडलं का? करंटचंही तसंच. मॅग्नेटमधल्या कॉईलपासून सीडीआय, तिथून इग्निशन कॉईल, मग प्लग कॅप आणि शेवटी प्लग. प्लगपासून मागं मागं यायचं. खाली सांगतोय ते कार्बोरेटरवाल्या, एसी सीडीआय असलेल्या जुन्या स्प्लेंडरसाठी आहे.

1. पेट्रोल आणि प्लग. चावी चालू, कॉक चालू, टाकीत पेट्रोल आहे, हे डोळ्यांनी बघा. मग प्लग काढा. कोरडा असेल तर आधी पेट्रोलची बाजू बघा. ओला असेल तर पेट्रोल येतंय, पण जळत नाही. प्लग पुसा, गॅप 0.6 ते 0.7 मिलिमीटर ठेवा. कॅपमध्ये बसवून प्लगचं लोखंड इंजिनला टेकवा आणि किक मारा. प्लगच्या भोकापासून लांब धरा, सांडलेलं पेट्रोल आधी पुसून घ्या, नाहीतर भडका उडेल. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळी, बारीक असेल तर नवा प्लग लावून परत बघा. उघड्यावर ठिणगी देणारा जुना प्लगही इंजिनच्या आतल्या दाबात दगा देतो.

2. प्लग कॅप. नव्या प्लगलाही करंट नाही? कॅप फिरवून काढा. वायरचं टोक इन्सुलेटेड पकडीने इंजिनच्या लोखंडापासून 5-6 मिलिमीटरवर धरा आणि किक मारा. ठिणगी उडाली तर दोष कॅपमध्ये. वायरचं टोक हिरवं पडलं असेल तर थोडं कापून परत बसवा.

3. चावीची वायर. इथंच सगळे फसतात. या गाडीत चावी बंद केली की सीडीआयची एक वायर, बहुतेक काळी-पांढरी, अर्थ होते आणि करंट थांबतो. चावीचा स्विच खराब झाला किंवा हँडलजवळ वायर घासून बॉडीला लागली, तर चावी चालू असूनही गाडी 'बंद'च राहते. ही वायर सोडवून किक मारा. करंट आला तर सीडीआय ठणठणीत आहे, स्विच नाहीतर वायरिंग बघा. लक्षात ठेवा, वायर सुटलेली असताना इंजिन चावीने बंद होणार नाही. गिअर टाकून, ब्रेक दाबून हळूच क्लच सोडा.

4. मॅग्नेटच्या कॉईल. तरी करंट नाही, तर अर्थ ढिला आहे का बघा. मग मल्टिमीटरने मॅग्नेटमधल्या दोन्ही कॉईल आणि इग्निशन कॉईल मोजा. मीटर काहीच रीडिंग देत नसेल तर ती कॉईल तुटलीय. रीडिंग आलं तर मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा.

5. सीडीआय सगळ्यात शेवटी. साध्या मल्टिमीटरने सीडीआयचा खात्रीने निकाल लागत नाही. म्हणून खात्रीचा एक चालू सीडीआय गॅरेजमध्ये फक्त तपासणीसाठी ठेवा. तो लावून करंट आला, तरच नवा मागवा.

आता धंद्याचं बोलू

तपासणीचे पैसे वेगळे लावा आणि गाडीला हात लावायच्या आधी सांगा. "मामा, शोधायचे शंभर रुपये, पार्ट लागला तर विचारून टाकेन." समजा दोष घासलेल्या वायरचा निघाला. पार्टचा खर्च शून्य, पण तुमचं कौशल्य फुकट गेलं नाही. ती वायर मामांना दाखवा. पार्ट बदलला तर जुना त्यांच्या हातात द्या.

आणि एक वही करा. गाडी, तक्रार, कुठल्या पायरीला दोष सापडला, किती वेळ लागला. सहा महिन्यांनी ती वहीच सांगेल की तुमच्याकडे कॅप जास्त ठेवायच्या की स्विच.

मामा उद्या दूध घालताना दहा घरी थांबणार आहेत. तुमच्याबद्दल काय बोलायचं, ते आज सकाळी तुम्हीच ठरवताय.

उद्या शटर उघडलं की पहिलं काम, ती वही आणा!