मोटार विकणारा आणि गिऱ्हाईक

कोल्हापूरची शाहूपुरी ही मूळचीच व्यापारी पेठ. मिरजेहून कोल्हापुरास रेल्वे आली ती १८९१ सालीं. त्यानंतर चारच वर्षांनीं, १८९५ मध्यें, शाहू महाराजांनीं स्टेशनाजवळ ही पेठ वसविली. गुळानें तिला नांव दिलें. गुऱ्हाळावरच्या ढेपा बैलगाडींतून येत, अडत्याच्या दुकानीं उतरत आणि तेथून परमुलखास रवाना होत. पुढें गुळाचा बाजार मार्केट यार्डांत गेला. परंतु देवघेवीची संवय पेठेस राहिली ती राहिलीच. आज या पेठेंत व तिच्या भोंवतालच्या रस्त्यांवर मोटारींचा व्यापारही चालतो. ढेपेच्या जागीं गाडी आली आणि अडत्याच्या जागीं गळ्यांत ओळखपत्र अडकविलेला तरुण विक्रेता आला. घेणाऱ्याच्या मनांतला प्रश्न मात्र बदलला नाहीं. समोरचा माणूस सांगतो तो आंकडा खरा कीं खोटा?

जुन्या काळीं महाराष्ट्रांतील अनेक बाजारांत रुमालाखालीं हात घालून, बोटें दाबून भाव ठरविण्याची रीत होती. अडत्या आणि खरीददार यांचें बोलणें बोटांनीं होई. माल ज्याचा, तो शेतकरी शेजारीं उभा असूनही त्यास कांहीं कळत नसे. पुढें बाजार कायद्यानें नियमित झाले, उघड लिलाव आले आणि ही रीत निषिद्ध ठरली. मोटारीच्या दुकानांत रुमाल नसतो. भिंती कांचेच्या आणि उजेड लख्ख असतो. तरीही आंकडे झांकण्यास तेथें जागा पुष्कळ असते. ती कोठें आहे हें प्रत्येक विक्रेत्यास ठाऊक असतें. तो तिचा फायदा घेतो कीं ती गिऱ्हाइकास दाखवून देतो, यावर त्याची पत ठरते.

एके काळीं विकणाऱ्यास बोलण्याची गरजच नव्हती. ॲम्बॅसडर किंवा फियाट गाडीसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें थांबावें लागे. गिऱ्हाईक आर्जव करी आणि दुकानदार ‘नंबर लागला कीं कळवूं’ एवढेंच म्हणे. १४ डिसेंबर १९८३ रोजीं मारुती ८०० ही गाडी प्रथम गिऱ्हाइकाच्या हातीं पडली. १९९३ मध्यें मोटार-कारखान्यांवरील परवान्याचें बंधन उठलें. त्यानंतर कंपन्या वाढल्या आणि आर्जव करण्याची पाळी दुकानदारावर आली.

सकाळीं दुकान उघडल्यावर येणारें प्रत्येक गिऱ्हाईक निराळें असतें. एखादें नुसतें पाहावयास येतें. दार लावल्याचा आवाज ऐकतें, माहितीपत्रक घेतें आणि जातें. नवशिका विक्रेता त्याच्याकडे पाठ फिरवितो. मुरलेला फिरवीत नाहीं, कारण आज पाहून जाणारेंच सहा महिन्यांनीं विसार घेऊन येतें, हा त्याचा अनुभव असतो. दुसरें गिऱ्हाईक सारें कुटुंब घेऊन येतें. मुलाला रंग हवा, आजोबांना गुडघ्यांमुळें उंच बैठक हवी, गृहिणीला मागें सामानास जागा हवी. पैसे देणारा मात्र कोपऱ्यांत गप्प. तेथें बोलावें सर्वांशीं, पण शेवटचा शब्द कोणाचा तें ओळखावें लागतें; आणि तो नेहमीं पैसे देणाऱ्याचाच असतो असें नाहीं. तिसरें गिऱ्हाईक सांगलीच्या किंवा पुण्याच्या दुकानाचा भाव मोबाइलवर दाखवितें.

चौथें उद्यमनगरांतून येतें. कोल्हापूरच्या ओतशाळांतून मोटारींच्या इंजिनांचे भाग तयार होतात. तेथल्या माणसास लोखंड शिकविण्यांत अर्थ नाहीं. तो बॉनेट उघडतो, पत्र्यावर बोट वाजवितो आणि म्हणतो, “कंपनीचं ॲव्हरेज सांगू नका साहेब, रस्त्यावरचं सांगा.” कंपनीचा आंकडा ठराविक परिस्थितींतल्या चांचणीचा असतो. घाटाच्या चढावर, पांच माणसें बसवून, एसी चालू ठेवून तो मिळत नाहीं. हें आपण होऊन सांगणाऱ्या विक्रेत्याच्या पुढच्या बोलण्यावर असा माणूस विश्वास ठेवतो.

खरा पेच पडतो तो शिरोळ, कागल, करवीरकडच्या ऊस-शेतकऱ्याशीं बोलतांना. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणें ऊस घातल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे मिळावयास हवेत; प्रत्यक्षांत ते पुष्कळदां उशिरां आणि तुकड्यातुकड्यांनीं मिळतात. गाडीचा हप्ता मात्र दरमहा ठरल्या तारखेस द्यावा लागतो. मग संभाषण साधारण असें चालतें :

“मामा, महिन्याला किती झेपेल?”

“बारा-तेरा हजार. उसाचं बिल आलं की काय बी अडचण न्हाई.”

“आणि बिल येईपर्यंत?”

या तिसऱ्या प्रश्नांत विक्रेत्याची परीक्षा असते. तो न विचारतां मोठी गाडी गळ्यांत मारणें सोपें असतें. समजा, आठ लाखांचें कर्ज शेंकडा ९ व्याजानें काढलें. पांच वर्षांची मुदत घेतल्यास हप्ता सुमारें १६,६०० रुपये येतो. सात वर्षांची घेतल्यास तो सुमारें १२,९०० वर उतरतो. मामांना दुसरा आंकडा ऐकवून लगेच सही घेतां येते. परंतु त्या उतरलेल्या हप्त्यापायीं एकूण व्याज सुमारें ८५ हजार रुपयांनीं वाढतें, हें कोणी सांगावयाचें? शिवाय हप्ते थकले तर गाडी ओढून नेली जाते. गांवांत पेढे वाटून आणलेली गाडी सर्वांदेखत जाणें यासारखी नामुष्की नाहीं. म्हणून जाणता विक्रेता दोन्ही आंकडे एकाच कागदावर लिहितो, शेतकऱ्यांस सहामाही हप्त्याची सवलत देणारी बँक असल्यास तिचें नांव सांगतो आणि प्रसंगीं लहान गाडीच पुढें करतो. त्यांत त्याचें स्वतःचें कमिशन घटतें, हें उघड आहे.

आतां किंमतीचा विचार. दुकानांतला भाव वेगळा आणि गाडी रस्त्यावर येईपर्यंतचा भाव वेगळा. मधल्या रकमांत कांहीं सक्तीच्या असतात. महाराष्ट्रांत खाजगी व्यक्तीच्या नांवें दहा लाखांपर्यंतची गाडी घेतल्यास वाहनकर पेट्रोलच्या गाडीवर ११ टक्के आणि डिझेलच्या गाडीवर १३ टक्के पडतो. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस तीन वर्षांचा त्रयस्थ विमा एकदमच घ्यावा लागतो. किंमत दहा लाखांच्या वर गेली तर आणखी एक टक्का वसूल होतो. मात्र तो आयकराच्या हिशेबांत वळता करून घेतां येतो. हें शेवटचें वाक्य गिऱ्हाइकास सांगण्याचें पुष्कळदां राहून जातें.

दुसऱ्या रकमा ऐच्छिक असतात : वाढीव वॉरंटी, गालिचे, आवरणें, रंगावरचा लेप. विमा त्याच दुकानांतून घेतला पाहिजे असेंही बंधन नाहीं. घासाघीस करणारें गिऱ्हाईक येथेंच फसतें. “शेवटचं किती कमी करणार?” या एका प्रश्नावर तो अर्धा तास घालवितो आणि दहा हजारांची सूट मिळाली म्हणून खूष होतो; तेच दहा हजार विम्याच्या वाढीव रकमेंत निमूटपणें वसूल झालेले असतात. रुमाल गेला, पण बोटें दाबण्याची कला मागें राहिली, ती अशी. प्रत्येक रकमेचा निराळा आंकडा आणि प्रत्येक सरकारी शुल्काची पावती मागणें हाच यावर उपाय होय. सरळ विक्रेत्यास अशा मागणीचा राग येत नाहीं.

२०२५ सालीं या व्यवसायाची मोठी परीक्षा झाली. १५ ऑगस्ट रोजीं पंतप्रधानांनीं वस्तु-सेवा करांत सुधारणा करण्याची घोषणा केली. दर किती उतरणार हें ठरलें नव्हतें. परंतु पुष्कळ गिऱ्हाइकांनीं खरेदी लांबणीवर टाकली. ऐन गणपतीच्या दिवसांत असें झालें. महिन्याचा ठरलेला आंकडा गांठावयाचा असतां, ‘आज घेऊं कीं थांबूं?’ असें विचारणाऱ्यास काय उत्तर द्यावें? ‘आज घ्या’ म्हणावें तर गिऱ्हाइकाचें नुकसान, ‘थांबा’ म्हणावें तर स्वतःचें. २२ सप्टेंबर रोजीं, घटस्थापनेच्या दिवशीं, नवे दर लागू झाले. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सी.सी.पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर पूर्वीं २८ टक्के कर व वर अधिभार होता, तो १८ टक्क्यांवर आला. ज्यानें थांबण्याचा सल्ला दिला असेल त्याचा ऑगस्ट कोरडा गेला असेल. परंतु दसऱ्यास गिऱ्हाईक त्याचेंच दार शोधीत येणार, हें सांगावयास नको.

विक्रेत्याची बाजूही लक्षांत घ्यावयास हवी. त्याचा मूळ पगार बेताचा आणि वरची मिळकत विकलेल्या गाड्यांवर अवलंबून असते. पितृपंधरवड्यांत दुकान ओस पडतें. पाडवा आणि दसरा या दिवशीं जेवावयास सवड मिळत नाहीं. महिनाअखेर जवळ आली कीं वरून तगादा सुरू होतो. अशा वेळीं तोंडांतून एखादें खोटें वचन निघून जातें : हाच रंग मिळेल, याच मुहूर्तास गाडी येईल. डिसेंबरांत मोठी सूट मिळते, कारण जानेवारी उजाडतांच ती गाडी कागदोपत्रीं गतवर्षाची होते आणि पुढें विकतांना तिची किंमत कमी येते. दहा वर्षें गाडी वापरणाऱ्यास ही सूट लाभाची. तीन वर्षांत विकणाऱ्यास नव्हे. सुटीचें कारण सांगितलें तर तो व्यवहार, लपविलें तर ती फसवणूक.

अखेर गाडी हातीं येण्याचा दिवस उगवतो. हार घातला जातो, नारळ फुटतो, चाकाखालीं लिंबू ठेवलें जातें आणि गाडी बहुधा अंबाबाईच्या दर्शनास निघते. या आनंदाच्या घाईंत कागद वाचण्यास कोणास सवड नसते. तरी चॅसिस व इंजिनाचे क्रमांक कागदांशीं जुळतात कीं नाहीं, तयार झाल्याचा महिना व वर्ष कोणतें, मीटरवर किती किलोमीटर पडले आहेत आणि विम्याचा कागद कोणाच्या नांवें आहे, एवढें तरी पाहून घ्यावें. पांच मिनिटांचें काम आहे. जो विक्रेता पेढा खाण्यापूर्वीं गिऱ्हाइकास हातीं धरून हें दाखवितो, त्यास पुढें जाहिरातीची फारशी गरज पडत नाहीं. वर्षभरानें तेंच गिऱ्हाईक आपल्या मेहुण्याला घेऊन येतें आणि दारांतूनच त्याचें नांव विचारतें.