जुन्या सर्किट बोर्डातील भाग सोडविणे

बंद पडलेला रेडिओ भंगारात जातो, तेव्हा त्यातील धडधाकट भागही त्याबरोबर जातात. वास्तविक असे यंत्र पुष्कळदा एखाद्याच भागाच्या बिघाडाने निकामी होते. उरलेले रेझिस्टर, एलईडी, स्विच शाळेच्या विज्ञानपेटीस उपयोगी पडण्याजोगे असतात. ते सोडविण्याचे काम मात्र शिक्षकाने स्वतः करावे. प्राथमिक वर्गातील मुलांकडे सोपवू नये.

आरंभ साध्या सेलवर चालणाऱ्या रेडिओपासून वा खेळण्यापासून करावा. २३० व्होल्टच्या विजेवर चालणाऱ्या चार्जरसारख्या उपकरणातील मोठा कॅपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भारित होतो व प्लग काढल्यावरही तो भार काही काळ टिकू शकतो. अशी उपकरणे आणि काचेच्या नळीचे जुने टेलिव्हिजन उघडूच नयेत.

जुन्या बोर्डावरील डाख, म्हणजे सोल्डर, बहुधा कथील व शिसे यांचा असतो. ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे असलेला डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. अलीकडच्या शिसेविरहित डाखास सुमारे २१७ अंश लागतात. वितळताना दिसणारा धूर मुख्यतः राळेचा असतो. त्यानेही दमा बळावतो, सबब हवेशीर जागी बसावे. शिसे शरीरात जाते ते विशेषतः बोटांना लागून, तोंडावाटे. आणि मुलांच्या मेंदूच्या वाढीस ते अत्यल्प प्रमाणातही बाधक आहे. म्हणून पोषण आहाराचे जेवण होते त्या खोलीत हे काम करू नये व उठताच साबणाने हात धुवावेत.

निस्तेज झालेला जुना सांधा लवकर वितळत नाही. त्यावर किंचित नवा डाख द्यावा. काढावयाचे तेथे आणखी घालणे विचित्र वाटेल, परंतु नव्या डाखातील राळेमुळे उष्णता सांध्यात चटकन पोहोचते. मग वितळलेला डाख पंपाने ओढून घ्यावा अथवा तांब्याच्या विणलेल्या पट्टीने टिपावा. भागाचा पाय ओढू नये; बोर्डावरील तांब्याची रेघ उखडते. ट्रान्झिस्टरचा पाय चिमट्याने धरावा, म्हणजे उष्णता चिमटा शोषून घेतो. मोबाइलच्या बोर्डामागे लागू नये. त्यावरील भाग वर्गाच्या कामाचे नसतात.

निवडणे व तपासणे हे काम मुलांचे. तपकिरी, काळा, तांबडा या पट्ट्यांचा रेझिस्टर १००० ओहमचा, हे ती हौसेने ओळखतात. एलईडीचा लांब पाय धन असतो खरा, पण बोर्डावरील पाय कापलेले असतात; तेव्हा कडेची सपाट बाजू पाहावी, ती बहुधा ऋण. तांबडा एलईडी दोन सेल व १०० ओहमचा रेझिस्टर जोडून तपासावा. नंतर मुलांचेही हात धुवून घ्यावेत.

उरलेला बोर्ड जाळू नये. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. बोर्ड साठवून नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे पाठवावेत.